माफीचं गाणं आणि शाल-श्रीफळ

माझ्या पहिल्या गाण्यात सात मागण्या होत्या. कडवी चारच होती, त्यामुळे शेवटच्या कडव्यात उरलेल्या चार मागण्या कोंबाव्या लागल्या आणि ते म्हणताना दम लागायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, मी भावनेने थरथरतेय. मी श्वास शोधत असायचे.

दोष माझ्या शिक्षणाचा. बारावीपर्यंत मी अबू धाबीत वाढले आणि कॉलेजसाठी पुण्याला गेले. तिथे एका संघटनेत मला पत्रकं लिहायला शिकवलं. नियम सोपे होते. पहिल्या परिच्छेदात अन्याय, दुसऱ्यात तो कुणी केला, तिसऱ्यात मागण्या. "कदाचित" हा शब्द कुठेही चालायचा नाही. तो दिसला की संघटनेची ताई लाल पेनने खोडायची आणि म्हणायची, "तुला खात्री नसेल तर घरी बस." मला खात्री होती. त्या वयात मला सगळ्याचीच खात्री होती.

मग नोकरीसाठी परत आले. इथे पत्रकं वाटत नाहीत. गाडीच्या काचेत खोचलेली मसाजची कार्डं आणि दाराखालून सरकवलेला पिझ्झाचा मेनू, एवढंच इथलं पत्रक-वाङ्मय. इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मला रहिवाशांसाठी सूचना लिहिण्याचं काम मिळालं. लिफ्ट बंद आहे, पाणी दुपारी येणार नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. पहिल्याच आठवड्यात मी लिफ्ट का बंद पडली आणि ते कुणामुळे, हेही सूचनेत लिहिलं. मॅनेजर बाईंनी बोलावून शांतपणे विचारलं, "हबीबती, हे तुला कुणी विचारलं होतं?"

कुणीच विचारलं नव्हतं. पण राग उरला होता, तो मी गिटारमध्ये घातला. मी जे गाते त्याला मी लोक-रॉक म्हणते. त्यातलं लोक म्हणजे ढोलकीचा एक ठेका, जो माझ्या फोनमध्ये आहे. रॉक म्हणजे मी मोठ्याने गाते.

या प्रकारात मुळं लागतात. मी परदेशातले जे गिटारवाले गायक ऐकत मोठी झाले, त्यांच्याकडे प्रत्येकी एक नदी, एक खाणीचं गाव आणि एक दारुडा काका होता. माझ्याकडे खलिफा सिटीतलं दोन बेडरूमचं घर आणि शाळेची पिवळी बस होती. यातून गाणं होत नाही, मी प्रयत्न केलाय. म्हणून बाबांचं बालपण उकरायला घेतलं. बाबांचे वडील पाटबंधारे खात्यात अधिकारी होते. नाशिककडच्या घाटमाथ्यावर एक धरण झालं आणि बाबा त्या धरणाच्या कॉलनीत वाढले. धरणाखाली आदिवासींची गावं गेली. म्हणजे मला नुसती मुळं नव्हती, अपराधी मुळं होती. मला इतका आनंद झाला की तो लपवता येईना.

गाणं लिहायला एक रविवार लागला.

भिंतीआड साठलं पाणी, पाण्याखाली कुणाचं रान?
उत्तर द्या, उत्तर द्या, उत्तर द्या श्रीमान.

हे श्रीमान कोण, असं आईने विचारलं. मी म्हटलं, व्यवस्था. खरं म्हणजे "रान"ला दुसरं यमक सुचलं नव्हतं. "पुनर्वसन" हा शब्द गाण्यात बसवणं तर स्कूटरवरून कपाट नेण्यासारखं आहे. मी तो तीन वेळा बसवला होता.

ते पहिल्यांदा गायले दिवाळीच्या फराळाला, इथल्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबाच्या विलामध्ये. माझे आवडते गायक कार्यक्रम सुरू करण्याआधी आपण कुणाच्या भूमीवर उभे आहोत ते सांगतात, मूळच्या लोकांची नावं घेतात, मान झुकवतात. मीही मान झुकवली आणि म्हणाले, "गाण्याआधी मला हे मान्य करायचं आहे की आपण आज ज्या जमिनीवर उभे आहोत, ती आपली नाही."

मागून मंडळाचे सेक्रेटरी काका म्हणाले, "ती या विलाच्या अरबाची आहे. आणि मागच्या दोन खोल्या त्याला न विचारता कुणाला भाड्याने दिल्यात तो विषय इथे काढू नकोस."

"काका, मी नाशिकच्या जमिनीबद्दल बोलतेय."

"मग ते नाशिकला जाऊन मान्य कर. चकली घे."

सगळे हसले. मला राग आला, आणि रागात मी बरी गाते असा माझा समज आहे. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, कारण आपल्याकडे गाणं संपलं की टाळ्या पडतात. गर्दीत एक मुलगी मात्र ताटलीत तोंड घालून हसत होती. मंडळाच्या कोरसमध्ये ती नुकतीच आली होती. मुसफ्फातल्या एका स्टील फॅब्रिकेशन कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. सेक्रेटरी काका त्याच कंपनीत तिचे साहेब होते. मंडळात काका, कंपनीत सर.

ती स्वयंपाकघरात माझ्या मागे आली. "तुझ्या गाण्यात बाभळी आहेत."

"हो. दुष्काळाचं प्रतीक."

"तिकडे इतका पाऊस पडतो की कपडे आठवडाभर वाळत नाहीत. हिरडा घाल. आणि ज्वारी कुठून आणलीस? तिथे भात होतो, नागली होते."

"तुला कसं माहीत?"

"नेटवर," ती म्हणाली आणि शेवटची करंजी उचलून गेली.

पुढे आमचं जमलं. ती माझ्या गाण्यातल्या चुका काढायची आणि मी तिला माझी सामाजिक भूमिका समजावून सांगायचे. दोघींनाही आपण दुसरीला सहन करतोय असं वाटायचं, त्यामुळे मैत्री घट्ट झाली. गाण्यात ती दुसरा आवाज द्यायला लागली. शेवटच्या कडव्यानंतर ती शब्दांशिवाय एक चाल गायची, सावकाश, वाकून काहीतरी लावत पुढे सरकल्यासारखी. त्या चालीमुळे माझं गाणं थोडं तरी गाणं वाटायचं. मी लोकांना सांगायचे, "हे आम्ही अरेंज केलंय."

एका शनिवारी मुसफ्फातल्या कॅफेटेरियाबाहेर गाडीत बसून आम्ही करक पीत होतो. इथे चहा गाडीतच प्यायचा असतो, हॉर्न वाजवला की पोऱ्या आणून देतो. मी तिला गाण्याचं नवं कडवं म्हणून दाखवत होते. कुठे गेले ते, कुठे गेले ते, असं त्यात चार वेळा होतं. तिने कप डॅशबोर्डवर ठेवला.

"मुसफ्फाला गेले," ती म्हणाली.

"कोण?"

"ते. मी त्या धरणातलीच आहे."

ती महादेव कोळी. तिचं गाव तिच्या जन्माआधी धरणात गेलं. वडील आश्रमशाळेत मास्तर. आडनावावरून इथे कुणाला कळत नाही, आणि तिने कुणाला सांगितलेलंही नव्हतं. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर सेक्रेटरी काकांचा एक ठरलेला विनोद होता: कोट्यातले इंजिनिअर पूल बांधतात, म्हणून मी इंडियात गेलो की पुलाखाली गाडी उभी करत नाही. सगळे हसायचे.

"पहिल्यांदा मीही हसले," ती म्हणाली. "नवीन होते. मग तिथून मागे कसं यायचं ते कळेना."

"पण हे भयंकर आहे. तू बोलायला हवंस."

"मला बोलायचं नाही. मला कोरसमध्ये गायचंय. कधी कुणाला सांगायचं ते मी ठरवीन. तुला सांगितलं कारण तू गाण्यात सारखी पत्ता विचारतेस. आता मिळाला. हे बाहेर गेलं तर मी मंडळात पाय ठेवणार नाही, आणि तुझ्याशीही बोलणार नाही."

मी रडले. घराण्याच्या वतीने तिची माफी मागितली. ती बरीच लांबली. मध्ये बहुधा "पुनर्वसन" हा शब्दही येऊन गेला.

"तुझा जन्म झाला होता तेव्हा?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काच वर कर. एसी बाहेर चाललाय."

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाची मीटिंग आमच्या घरी झाली. कोरसची प्रॅक्टिसही त्याच संध्याकाळी असल्यामुळे ती गालिच्यावर बसून गाण्यांचे कागद लावत होती. सेक्रेटरी काकांबद्दल एक सांगायला हवं. मंडळात कुणी आजारी पडलं तर हॉस्पिटलात पहिला डबा त्यांच्या घरून जातो, कार्यक्रमाच्या खुर्च्या ते स्वतः उचलतात. मला हे गैरसोयीचं होतं. दुसऱ्या परिच्छेदातला माणूस कसा स्वच्छ वाईट हवा.

काकांनी माझ्या गाण्याचा कागद वाचला. "गाणं बरंय. पण नुसतं गाणं म्हणजे तक्रार वाटते. तू वर लिहिलंयस, समेटाचं गाणं. समेटाला दोन पार्ट्या लागतात ना? दुसरी पार्टी कुठंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे एखादे आदिवासी बंधू किंवा भगिनी स्टेजवर आणू. सत्कार करू. शाल, श्रीफळ, फोटो. मग तुझं गाणं. कसा भरगच्च कार्यक्रम होईल."

आपल्या लोकांना कर्तृत्व, अपराध आणि निवृत्ती या तिन्हींवर एकच औषध माहीत आहे. आमच्या मंडळाने पहिल्या टेस्टमध्ये ड्रायव्हिंग लायसन मिळवणाऱ्या वहिनींनाही शाल घातली आहे. मी हे सगळं तिथेच बोलून दाखवणार होते, तेवढ्यात काका म्हणाले, "एवढ्या मोठ्या यूएईत एक आदिवासी मिळू नये? तुम्ही तरुण मंडळी आहात, शोधा." आणि गालिच्याकडे वळून, "काय गं, तुझ्या ओळखीत कुणी?"

तिने कागद हातावर ठोकून सरळ केले. "बघायला हवं, सर."

मी समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ते बंद होतं.

"मिळालं तर गाणं नक्की," काका म्हणाले. "नाहीतर पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला." आमच्या काकांचं इन्शाल्ला म्हणजे नाही.

मीटिंगमध्ये मी तिच्याबद्दल तोंड उघडलं नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. तो तिला घरी सोडेपर्यंत टिकला.

"म्हणजे बघ," मी सिग्नलला म्हणाले, "मी काही म्हणत नाही."

"विचारतेयस की सांगतेयस?"

"नुसतं कळवतेय."

"कळवलंस. खलास."

पण मला खलास करता येत नाही. मी तिला दृश्यमानता समजावली. प्रतिनिधित्व समजावलं. ती स्वतः पुढे आली तर काकांचं तोंड कायमचं बंद होईल, हेही समजावलं. ती बाहेर बघत होती.

"आज मी वेल्ड रिजेक्ट केला की तो वेल्ड खराब असतो," ती म्हणाली. "तू म्हणतेस तसं केलं की उद्यापासून मी खराब असेन. तुझ्या गाण्यासाठी."

"गाण्यासाठी नाही, समाजासाठी."

"कुठल्या? तुझ्या मंडळाच्या? आणि ती शाल घेऊन मी करू काय? मे महिन्यात?"

मी घरी येऊन फुगून बसले. ज्यांची माफी मागायची तेच सहकार्य करत नसतील तर चळवळ चालायची कशी, असं मी मनात म्हणाले. अगदी या शब्दांत. पत्रकात ते कधी छापता येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सेक्रेटरी काकांनी मार्ग काढला. त्यांचा बाबांना फोन आला. बोलता बोलता बाबांनी कॉलनीतलं बालपण सांगितलं असावं, कारण फोन ठेवून ते बाहेर आले तेव्हा आरशात मिशी बघत होते.

"सत्कार माझा करायचं म्हणतायत," ते म्हणाले. "आदिवासी भागाशी आपल्या कुटुंबाचं जुनं नातं आहे म्हणून."

"बाबा, यू कान्ट बी सीरियस."

"मराठीत बोल."

"बाबा, गाव ज्यांचं गेलं ते राहिले बाजूला, आणि कॉलनीवाल्यांना शाल?"

"मी काय केलं? मी आठ वर्षांचा होतो."

पत्रकात आठ वर्षांच्या मुलांसाठी परिच्छेद नसतो. आई भाजी निवडताना हळूच म्हणाली, "घेऊ दे गं. इतकी वर्षं सगळ्यांच्या सत्काराला टाळ्या वाजवतायत. त्यांना कुणी कधी बोलावलंय?" हे खरं होतं, आणि खऱ्या गोष्टींनी माझं नेहमीच नुकसान केलंय.

तिला ही बातमी मी फोनवर दिली, ती चिडेल या अपेक्षेने. पलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग कळलं की ती हसतेय.

"तुझ्या बाबांचा?"

"हसू नकोस. मी गाणं मागे घेणार आहे. निषेध म्हणून."

तिचं हसणं थांबलं. "गाणं मागे घेऊ नकोस."

"का?"

"शेवटची चाल माझ्या आईची आहे. भाताच्या आवणीला, रोपं लावताना, बायका गातात ती. ती मला एकदा स्टेजवर म्हणायचीय. तुझ्या मागण्या संपल्या की मला फक्त तेवढी जागा दे."

मला वाटत होतं, ती माझ्या गाण्याला साथ देतेय. इतके महिने ती माझी सात मागण्यांची मिरवणूक संपायची वाट बघत होती.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. बाबांना शाल घातली, हातात नारळ दिला. माइक घ्यायला नारळ कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना, म्हणून तो काखेत धरून ते बोलले. कॉलनीतलं वाचनालय, गणपतीतली नाटकं, रविवारी जीपमधून यायचा तो बर्फाचा गोळा. लोक रंगले. मग ते म्हणाले, "धरण व्हायच्या आधी तिथे काहीच नव्हतं. निर्जन माळ होता नुसता. आमच्या वडिलांच्या पिढीने त्याचं नंदनवन केलं."

टाळ्या पडल्या. मी गिटार अडकवून स्टेजच्या कडेला उभी होते, ती माझ्या मागे. माझ्यासमोर चालू माइक होता. मी पुढे झाले आणि म्हणाले, "बाबा, तिथे..."

मागून माझी ओढणी ओढली गेली, जोरात. "गा," ती माझ्या कानात म्हणाली.

मी गायले. सातपैकी दोन मागण्या दमामुळे गिळल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मी माइकपासून बाजूला झाले आणि तिने ती चाल म्हटली. फोनमधला ठेका मी बंद केला, हे त्या दिवशी मी केलेलं एकमेव संगीतकार्य. पुढच्या रांगेतली लहान मुलंही गप्प बसली होती. ती थांबल्यावर सेक्रेटरी काका माइकवर आले. "वा, सुंदर आलाप. आता नाशिक ढोल, यल्ला."

जेवायला मसालेभात आणि जिलेबी होती. बाबा शाल घालूनच बसले होते, नारळ खुर्चीखाली. मी वाटी घेऊन त्यांच्या मागे आले, तोवर ती ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसली होती.

"काका, कॉलनी कुठली म्हणालात? धरणाच्या भिंतीकडची की वरच्या अंगाची?"

बाबा खुलले. "वरच्या अंगाची. तुला माहितीय तो भाग?"

"आमचं गाव तिथे होतं."

"तिथे म्हणजे जवळपास कुठे?"

"तिथेच. तुम्ही माळ म्हणालात ना, तो."

ती हे इतक्या सहज म्हणाली की बाबांनी आधी मान डोलावली. मग हातातला घास ताटात ठेवला. दोन टेबलं पलीकडे सेक्रेटरी काका जिलेबी वाढत होते. मी वाटी धरून उभी राहिले.

"आम्हाला तसंच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "मी लहान होतो गं तेव्हा."

"माझे वडीलही. तुमच्याच वयाचे आहेत ते."

बाबांनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली आणि तिच्यापुढे धरली. "ही तू घे."

"नको काका. उकडतंय."

त्यांनी ती मांडीवर ठेवली. बराच वेळ कडेवरून हात फिरवत बसले. "मग तुम्हाला कुठे पाठवलं?"

"कालव्याच्या पलीकडे. घरातून कालवा दिसतो."

"पाणी मिळतं?"

"दिसतं."

बाबा उठले, तिच्यासाठी आणखी भात घेऊन आले आणि परत बसले. तिने तो खाल्ला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "काका, हे इथे कुणाला माहीत नाही. ऑफिसातही नाही."

बाबांनी जिलेबीच्या टेबलाकडे पाहिलं. "माझ्याकडून जाणार नाही." आणि मग माझ्याकडे पाहून, "हिला माहितीय?"

"हो."

"मग?"

"ही प्रयत्न करतेय," ती म्हणाली.

ग्रुप फोटोला काकांनी विचारलं, शाल कुठंय. बाबा म्हणाले, राहिली कुठेतरी. फोटोत ते नुसता नारळ धरून उभे आहेत आणि नेहमीपेक्षा वयस्क दिसतात.

पुढच्या शनिवारी त्यांनी तिला जेवायला बोलावलं. मला वाटलं, आता ते माफी मागणार. मी शब्दही सुचवले, त्यांनी एकही घेतला नाही. जेवण झाल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडून धरणाचा सॅटेलाइट नकाशा लावला. चित्र उन्हाळ्यातलं होतं, पाणी आत गेलेलं, काठाला तपकिरी जमीन उघडी पडलेली. बाबांनी बोट ठेवलं: ही शाळा, हे वाचनालय, हे आमचं क्वार्टर. तिने बोट ठेवलं: ही दगडांची ओळ म्हणजे घरांचे पाये, वडिलांनी दाखवलेत. इथे वाघोबा देव होता. दोघांची बोटं स्क्रीनवर एकमेकांना आपटत होती. वाघोबाच्या जागेवरून त्यांचं चक्क भांडण झालं, आणि बाबा हरले.

"हे चौकोनी दिसतंय ना," बाबा म्हणाले, "हे आमचं बॅडमिंटन कोर्ट."

"ते आमचं खळं. गावाच्या वरच्या टोकाला, तिथे भात झोडायचे."

बाबांनी चित्र मोठं केलं. मोठं केल्यावर ते नुसतं धूसर झालं.

"तरीच इतकं सपाट होतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "आम्हाला वाटायचं, खात्याने केलं."

मी दारात चहा घेऊन उभी होते. मला एक ओळ सुचली होती, यमकासकट. तिने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "हे गाण्यात नको." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मंडळाच्या स्मरणिकेत बाबांचं भाषण छापायचं होतं. त्यांनी काकांना फोन करून "निर्जन माळ" हे शब्द बदलायला लावले. तिथे "लोकांचं गाव होतं" असं लिहा म्हणाले, गावाचं नावही सांगितलं. काका म्हणाले, आता तुम्ही स्टेजवर जे बोललात तेच छापणार ना. त्यावरून दोघांचं वाजलं. आमच्या घरात फोनवर आवाज चढवणारी मी, बाबा नव्हेत, म्हणून आई गॅस बंद करून बाहेर आली. गावाचं नाव कुठून कळलं, असं काकांनी विचारल्यावर बाबा म्हणाले, "नकाशात बघितलं." गाव नावासकट छापून आलं.

हा मजकूर तिने वाचलाय. कुणाचंही नाव घालायचं नाही आणि ओळखीच्या काही खुणा बदलायच्या, या तिच्या अटी. दोन परिच्छेद तिने पूर्ण काढायला लावले. माझ्या मते तेच सगळ्यात चांगले होते.

मध्यंतरी तिने नोकरी बदलली. नव्या कंपनीत पहिल्याच दिवशी जेवताना कुणीतरी विचारलं, गाव कुठलं. तिने गाव सांगितलं, ते पाण्याखाली आहे हेही सांगितलं, आणि मी महादेव कोळी आहे, आदिवासी, असं सांगून लबनची, म्हणजे ताकाची, बाटली मागितली. संध्याकाळी तिने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी उठून उभी राहिले.

"मग? काय म्हणाले ते? कुणी काही बोललं? कुणी असेल तर मला नाव सांग."

"एकाने विचारलं, धरणात म्हणजे घरं तशीच खाली असतात का. मी म्हटलं, पाये असतात. मग दुसऱ्याने सांगितलं, त्याच्या आजोबांचंही असंच गेलंय, केरळात. लंच संपेपर्यंत तोच बोलत होता."

"आणि काका? जुन्या ऑफिसात सांगणार आहेस?"

"सांगीन. एकदा पुलाखाली गाडी लावायला सांगीन त्यांना, तेव्हा."

"मी येऊ बरोबर?"

"नको," ती म्हणाली. "तू मागण्या करशील."